एका विलायतेची गोष्ट : गाळ, पाणी आणि मीठ

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘विलायत’ हा शब्द हमखास यायचा. विलायतेला जाणं म्हणजे इंग्लंडला जाणं. विलायती कापड, विलायती चिंच हे शब्द तर अजूनही वापरात आहेत. हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे : प्रांत. मध्य आशियातल्या उझबेकिस्तानात आजही प्रांताला ‘विलायत’च म्हणतात, फक्त उच्चार थोडा वेगळा, ‘विलोयत’. या लेखात आपण अशाच एका खऱ्याखुऱ्या विलायतेची ओळख करून घेणार आहोत. तिचं नाव ख्वारिझम. नकाशात ते खोरेझम असंही लिहिलेलं आढळेल.

इतक्या दूरच्या प्रांताची ओळख कशासाठी? भूगोल शिकवताना ‘अतिरिक्त सिंचनामुळे अरल समुद्र आटला’ हे वाक्य आपण सगळेच वर्गात सांगतो. मुलं ते वहीत लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात. पण एखादी मुलगी उठून म्हणाली, “मग त्या शेतकऱ्यांना कळत नव्हतं का?” तर काय उत्तर द्यायचं? आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटला. त्याचं उत्तर शोधायचं तर अरल समुद्राच्या काठावर जाऊन भागत नाही. त्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या शेतात जावं लागतं.

नकाशा उघडा

आशियाचा नकाशा समोर घ्या. ४१ अंश उत्तर अक्षवृत्तावर बोट ठेवून कास्पियन समुद्राकडून पूर्वेकडे सरका. ६० ते ६१ अंश रेखावृत्तांच्या आसपास, वाळवंटाच्या पिवळ्या रंगात एक निळी रेघ दिसेल. ही अमू दर्या नदी. ‘दर्या’ म्हणजे तिकडे नदीच. नदीच्या डाव्या अंगाला काराकुम वाळवंट आणि उजव्या अंगाला किझिलकुम. ‘कुम’ म्हणजे वाळू, ‘कारा’ काळी, ‘किझिल’ तांबडी. काळी वाळू आणि तांबडी वाळू यांच्या मधे, नदीच्या डाव्या काठाला बिलगून ख्वारिझम वसलंय.

विस्तार फार नाही, सुमारे सहा हजार चौ.कि.मी. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडा मोठा. पण वस्ती दाट : १९ लाखांहून जास्त माणसं इथे राहतात आणि त्यांतली बरीचशी खेड्यांत. मुख्य शहर उरगेंच, आणि जवळच जुनं, प्रसिद्ध खिवा. सगळा प्रदेश सपाट, समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंच. पाऊस वर्षाकाठी जेमतेम १०० मि.मी. आपल्या माणदेशासारख्या दुष्काळी भागातही ४००-५०० मि.मी. पडतो, यावरून कल्पना यावी. शिवाय समुद्र फार दूर, म्हणून हवामान अगदी विषम. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्यात शून्याच्या बराच खाली जातो.

म्हणजे केवळ पावसावर इथे काही पिकणं शक्य नाही. जे पिकतं ते नदीच्या पाण्यावर. आणि हे पाणी येतं कुठून, तर पामीरच्या हिमनद्यांपासून. पंज आणि वख्श या दोन नद्या एकत्र येऊन अमू दर्या तयार होते. उगमापासून मोजली तर तिची लांबी सुमारे अडीच हजार कि.मी. भरते. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, म्हणून नदीला पूर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, पिकांना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते नेमका तेव्हाच. निसर्गाने वाळवंटातल्या शेतकऱ्याला दिलेली ही मोठीच सवलत.

गाळाने बांधलेला प्रदेश

अमू दर्या निव्वळ पाणी आणत नाही. डोंगर झिजवून ती प्रचंड गाळ घेऊन येते. जगातल्या फार गढूळ नद्यांमध्ये तिची गणना होते. सपाटीवर आल्यावर तिचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो. पात्र भरत जातं, उंच होतं, आणि मग एखाद्या पुरात नदी ते पात्र सोडून शेजारच्या सखल भागातून वाहू लागते. हजारो वर्षं असं होत होत ख्वारिझमची सगळी जमीन तयार झाली. म्हणजे इथला शेतकरी कसतो ती माती मुळात पामीरच्या डोंगरांची.

या नदीचा काठ मोठा बेभरवशाचा. वाळूमिश्रित मऊ काठ एकाएकी ढासळतो, नदी बघता बघता शेतं, घरं गिळत जाते. याला तिकडे ‘देयगिश’ असा खास शब्द आहे. समोरच्या उजव्या काठावरचं तुर्तकुल हे शहर काराकल्पाक प्रदेशाची राजधानी होतं. नदी त्याच्या दिशेने सरकू लागली तेव्हा १९३० च्या दशकात राजधानी नुकुसला हलवावी लागली आणि जुनं तुर्तकुल पुढे नदीने खाल्लं. जुनं उरगेंच शहर आज शेजारच्या तुर्कमेनिस्तानात आहे. सोळाव्या शतकात नदीने दिशा बदलल्यावर तेही ओस पडत गेलं आणि सत्तेचं केंद्र खिव्याला आलं.

त्याही आधी, हजार वर्षांपूर्वी, ख्वारिझमची राजधानी होती काथ. तिचा किल्लाही नदीने थोडा थोडा करून नेला आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा मागमूस उरला नाही. हे लिहून ठेवणारा माणूस काथजवळच इ.स. ९७३ मध्ये जन्मला होता. त्याचं नाव अल् बिरुनी. पुढे तो गझनीच्या दरबारी गेला, संस्कृत शिकला आणि सुमारे १०३० मध्ये भारतावरचा आपला मोठा ग्रंथ त्याने पुरा केला. त्या ग्रंथात त्याने एक सुंदर निरीक्षण नोंदवलंय. उत्तर भारतात डोंगराजवळ नदीतले दगड मोठे आणि गोटीव असतात, डोंगरापासून दूर जावं तसे ते लहान होत जातात आणि नदीच्या मुखाजवळ तर नुसती वाळू उरते. त्यावरून त्याने अनुमान काढलं की इथे एके काळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो भरून आला असावा. लहानपणापासून अमू दर्याच्या काठी राहिलेल्या माणसाला गंगेच्या मैदानाचं कोडं असं उलगडावं, यात नवल नाही.

आणखी एक ओळखीचं नाव याच मातीतलं. नवव्या शतकात बगदादला काम करणारा गणिती अल् ख्वारिझमी. त्याच्या नावातच या प्रदेशाचं नाव आहे. भारतीय अंकांनी गणित कसं करायचं हे त्याने अरबीत लिहिलं, ते पुढे लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्या नावाचं रूप होत होत ‘अल्गोरिदम’ हा शब्द तयार झाला.

रहाट, पाट आणि मिराब

नदीचं पाणी शेतापर्यंत न्यायला इथल्या लोकांनी फार पूर्वीपासून कालवे खोदले. मोठ्या कालव्याला ‘अर्ना’ आणि लहानाला ‘योप’ म्हणतात. पाण्याबरोबर गाळही कालव्यात येणार, म्हणून दर वर्षी पूर येण्याआधी कालवे उपसावे लागत. हे प्रचंड कष्टाचं काम गावोगावच्या लोकांना सक्तीने करावं लागे. काढलेला गाळ शेतात पसरायचा. पिढ्यान् पिढ्या असं केल्याने काही ठिकाणी मीटरभराहूनही जाड, निव्वळ माणसाच्या हातून घडलेला मातीचा थर तयार झाला आहे.

कालव्याचं पाणी शेताच्या पातळीपेक्षा खाली असे. ते वर चढवायला ‘चिगिर’ वापरत. हे यंत्र आपल्याला परकं नाही. उभ्या चाकाला मातीची मडकी बांधलेली, उंट, घोडा किंवा बैल गोल गोल फिरतोय आणि मडकी एकामागून एक भरून वर येत आहेत. आपला रहाटच की! पाण्याच्या पाळ्या ठरवायला एक जबाबदार माणूस असे, ‘मिराब’. ‘मीर’ म्हणजे प्रमुख आणि ‘आब’ म्हणजे पाणी, पंजाबमधला ‘आब’ तोच. मिराब म्हणजे आपला पाटकरीच, पण मानाने बराच मोठा. खिव्याचा एकोणिसाव्या शतकातला नामवंत कवी आणि इतिहासकार आगही हा स्वतः मिराब होता.

चिगिराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे. मडक्यामडक्याने आणि जनावराच्या कष्टाने वर आलेलं पाणी कुणी उधळत नाही. जरुरीपुरतंच पाणी शेतात जाई.

मीठ कुठून येतं?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जगातल्या कुठल्याही नदीच्या पाण्यात थोडे क्षार विरघळलेले असतातच. समजा, एका लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार आहेत. चवीला ते कदाचित जाणवणारही नाहीत. आता एक हेक्टर शेताला वर्षभरात एकूण एक मीटर उंचीचं पाणी दिलं असं धरू. कोरड्या मुलखात ही काही फार मोठी मात्रा नव्हे. हिशोब फळ्यावर मांडा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मीटर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर, म्हणजेच एक कोटी लिटर. लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे एक कोटी ग्रॅम. किती झाले? दहा टन! एका हेक्टरात, एका वर्षात. पाणी पिकातून आणि मातीतून वाफ होऊन उडून जातं. मीठ मात्र कुठेच जात नाही.

आपल्याकडे कोकणात किंवा घाटमाथ्यावर धो धो पाऊस हे मीठ धुऊन नेतो. ख्वारिझममध्ये पाऊस नाही. तिथे ते मीठ एकाच वाटेने जाऊ शकतं : खाली, भूजलात. आणि भूजल जर जमिनीपासून मीटर-दीड मीटरवरच असेल तर? मग दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, पृष्ठभागावर वाळतं आणि जमिनीवर पांढरा थर साचतो. जमीन क्षारपड होते.

आज ख्वारिझममध्ये नेमकं हेच घडलेलं आहे. १९३०-४० च्या दशकांत सोव्हिएत काळात नवे, उंचावरून वाहणारे कालवे झाले. पाणी आपोआप शेतात येऊ लागलं, चिगिर अडगळीत गेले. सोय झाली यात शंका नाही. पण आता पाणी मोजून वर काढायचं राहिलं नाही. मातीच्या कालव्यांतून ते झिरपत राहिलं, भूजल वर आलं आणि त्याबरोबर मीठही.

म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या वर्षाची सुरुवात पेरणीने होत नाही. ती होते मीठ धुण्याने. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेताचे वाफे करून त्यांत पाणी तुंबवतात. हे पाणी मीठ विरघळवून खाली नेतं. तिथून ते खोल खणलेल्या चरांतून मोठ्या निचरा-कालव्यांत जातं आणि शेवटी नदीच्या एका जुन्या, सुकलेल्या पात्रातून सारिकामिश नावाच्या सखल भागात पोचतं. १९६० नंतर या वाया गेलेल्या खारट पाण्याचं तिथे एक भलंमोठं सरोवर झालंय. इकडे समुद्र आटत होता आणि तिकडे वाळवंटात नको असलेलं सरोवर वाढत होतं!

पेच लक्षात आला ना? मीठ काढायला पाणी हवं. जास्त पाणी दिलं की भूजल वर येतं. भूजल वर आलं की मीठ वर येतं. मग ते काढायला पुन्हा पाणी. एखाद्या शेतकऱ्याने एकट्याने पाणी कमी करायचं ठरवलं तरी त्याच्या शेताखालचं भूजल काही एकट्याचं नसतं.

खिव्याच्या मातीच्या भिंतीही यातून सुटलेल्या नाहीत. खिव्याचा तटबंदीतला जुना भाग, इचान काला, १९९० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. उझबेकिस्तानातलं या यादीतलं ते पहिलंच ठिकाण. पण जमिनीतली ओल विटांतून वर चढते आणि भिंतींना लोणा लागतो. जुन्या वाड्यांच्या तळाला हा पांढरा लोणा आपणही पाहिलेला असतो. कारण तेच.

पांढरं सोनं आणि रिकामे वर्ग

मग पाणी इतकं कुणाला हवं होतं? सोव्हिएत सरकारला कापूस हवा होता. ‘ओक ओल्तीन’, म्हणजे पांढरं सोनं, असं त्याचं कौतुक होई. १९६० नंतर अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांवर कापसाखालचं क्षेत्र झपाट्याने वाढलं. ख्वारिझमच्या बऱ्याच वरच्या अंगाला काराकुम कालव्याचं काम १९५४ मध्ये सुरू झालं होतं. तेराशे कि.मी.हून लांब असलेला हा कालवा अमू दर्याचं पाणी तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात नेतो. १९६० मध्ये अरल समुद्राचं क्षेत्र होतं सुमारे ६८,००० चौ.कि.मी., महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त. आज त्याच्या दहाव्या भागाइतकंही पाणी तिथे उरलेलं नाही. कझाकस्तानने २००५ मध्ये धरण बांधून उत्तरेचा लहान तुकडा तेवढा सावरला.

१९९१ मध्ये उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. गहू देशातच पिकावा म्हणून गव्हाखालचं क्षेत्र वाढलं. ख्वारिझममध्ये भातही होतो. पण शेतजमीन सरकारच्या मालकीची राहिली, शेतकरी ती भाडेपट्ट्याने कसतात. किती जमिनीत कापूस लावायचा आणि सरकारला किती घालायचा हे वरून ठरून येई. ही सक्ती २०२० मध्ये उठली. तेव्हा मुलीच्या प्रश्नाचं एक उत्तर असं : शेतकऱ्याला कळत होतं, पण काय पेरायचं हे ठरवणं त्याच्या हाती नव्हतं.

शिक्षकांनी आवर्जून जाणून घ्यावी अशी आणखी एक बाब आहे. कापूस हाताने वेचावा लागतो आणि त्यासाठी दर शरद ऋतूत शाळा-महाविद्यालयांतली मुलं आणि त्यांचे शिक्षक शेतात पाठवले जात. ही प्रथा सोव्हिएत काळापासूनची, साऱ्या देशात चाललेली. कित्येक आठवडे वर्ग रिकामे असत. जगभरातून टीका झाली, अनेक कंपन्यांनी उझबेक कापूस घेणं बंद केलं. २०१२ पासून लहान मुलांना पाठवणं थांबत गेलं. २०१७ मध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि दवाखान्यांतले कर्मचारी यांना वेचणीतून परत बोलावण्यात आलं. २०२१ च्या हंगामात पद्धतशीर सक्तीची मजुरी आढळली नाही, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलं. निवडणुका, जनगणना अशी शाळेबाहेरची कामं आपल्यालाही करावी लागतात. पण मुलांसकट शाळाच शेतात नेणं ही कल्पनाही अंगावर काटा आणते.

घरात डोकावू

इथले बहुतेक लोक उझबेक. त्यांची बोली मात्र ताश्कंदच्या बोलीपेक्षा वेगळी, शेजारच्या तुर्कमेन भाषेशी जवळीक असलेली. खिव्यातल्या जुन्या घरांना उत्तरेकडे तोंड केलेली उंच ओसरी असते, उन्हाळ्यात गार वारा आत यावा म्हणून. अंगणात ‘तंदिर’, म्हणजे आपला तंदूर, आणि त्यात भाजलेली ‘नोन’, म्हणजे नान. वहीला म्हणतात ‘दफ्तर’. आपल्या मुलांच्या पाठीवर असतं तेच दप्तर! खिव्याची खासियत म्हणजे ‘शिवित ओशी’, हिरव्यागार शेवया. हा हिरवा रंग येतो शेपूच्या रसाने. नाक मुरडणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

कालव्यांच्या कडेने तुतीच्या रांगा दिसतात. वसंत ऋतूत त्यांची पानं खुडून घराघरांत रेशमाचे किडे पाळतात. आणि ख्वारिझमची खरबुजं तर जुन्या काळापासून नावाजलेली. चौदाव्या शतकात इथून गेलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो की या खरबुजांच्या फाका करून त्या उन्हात वाळवत आणि भारत, चीनपर्यंत पाठवत. दिल्लीत राहत असताना तो स्वतः त्या विकत आणवत असे. सणासमारंभात ‘लाझगी’ नावाचा नाच होतो. २०१९ मध्ये त्याची नोंद युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली.

वर्गात करून पाहा

दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. त्यांच्या तळाला भोकं पाडून, आत फडकं घालून कोरडी बारीक माती भरा. एका परातीत मिठाचं पाणी करून दोन्ही डबे त्यात उन्हात ठेवा. एका डब्यातल्या मातीवर वाळलेल्या गवताचा जाड थर पसरा, दुसरा उघडा ठेवा. परातीतलं पाणी आटेल तसं घालत राहा. काही दिवसांत उघड्या डब्यावर पांढरी साय दिसू लागेल. गवताखाली ती कमी का?

नंतर उघडा डबा परातीतून बाहेर काढा आणि वरून साधं पाणी ओता. खाली निथळलेलं पाणी ताटलीत वाळवा. काय उरलं? आता विचार करायला सांगा : डब्याला भोकंच नसती तर मीठ गेलं असतं का? सिंचनाइतकाच निचरा महत्त्वाचा का, हे इथे मुलांना आपोआप उमगतं. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात हजारो एकर जमीन अशीच क्षारपड झाली आहे. तिथल्या शाळांनी तर मुलांना बांधावरच न्यावं.

उत्तर पुरं झालं का?

ख्वारिझमपुढचा प्रश्न संपलेला नाही. २००० आणि २००१ च्या दुष्काळात वरच्या अंगानेच इतकं पाणी संपलं की खालच्या भागात भाताची शेतं वाळून गेली. २०२२ मध्ये अफगाणिस्तानने कोश तेपा नावाचा २८५ कि.मी. लांबीचा कालवा खोदायला सुरुवात केली आहे. त्याचं पाणीही अमू दर्याचंच. अफगाण शेतकऱ्यालाही पाण्यावर हक्क आहेच की! म्हणजे ज्यांना आपण समुद्र आटवणारे म्हणून ओळखतो, तेच लोक वरच्यांच्या मानाने टोकाचे, शेवटच्या चारीवरचे ठरतात. पाटाच्या टोकाला ज्याचं शेत आहे, त्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अरल समुद्र आटला’ हे वाक्य फळ्यावर लिहाल तेव्हा तिथेच थांबू नका. पाणी कुणी घेतलं, कुणी घ्यायला लावलं आणि मीठ कुणाच्या वाट्याला आलं, हे तीन प्रश्न त्याच्याखाली लिहा. मग मुलांना बोलू द्या.